अश्रूंचा हिशेब

एकाच पंक्तीस वाढलेली आमटी कोणास तिखट लागते, कोणास अळणी. मीठमसाला मात्र सर्वांच्या पानांत तोच असतो. चित्रपटांचेंही तसेंच आहे. गेल्या महिन्यांत एका सुटीच्या दिवशीं आमच्या घरच्या लहानथोर नऊ मंडळींनीं दिवाणखान्यांत बसून 'तारे जमीन पर' हा चित्रपट पाहिला, आणि रात्रीं पानावर त्यावरून जो वाद झाला तो वाचकांपुढें ठेवावासा वाटतो; कारण थोड्याफार फरकानें तो आपल्याही घरीं झाला असेल.

चित्रपट नवा नव्हे. डिसेंबर २००७ मध्यें तो प्रकाशित झाला. दिग्दर्शन आमीर खान यांचें, लेखन अमोल गुप्ते यांचें. कुटुंबकल्याणविषयक उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यास लाभला. मुंबईच्या सुखवस्तु घरांतला ईशान अवस्थी तिसरींत नापास होऊन पुन्हां तिसरींतच बसलेला. अक्षरें त्याच्या डोळ्यांपुढें नाचतात. थोरला भाऊ अभ्यासांत अग्रेसर. म्हणून धाकट्याचें मागासणें वडिलांस निव्वळ उनाडपणा वाटतें, आणि ते त्याला दूरच्या वसतिगृहाच्या शाळेंत नेऊन सोडतात. तेथें मूल इतकें कोमेजतें कीं चित्रें काढणेंही सोडून देतें. पुढें निकुंभ नांवाचे हंगामी चित्रकला-शिक्षक येतात, ही डिस्लेक्सिया आहे हें ओळखतात, त्याला प्रेमानें शिकवितात, आणि चित्रकलेच्या स्पर्धेंत ईशान पहिला येतो. शाळेचीं दृश्यें पांचगणीचीं असल्यानें आम्हांस तो परिसरही ओळखीचा वाटला.

आमच्या धाकट्या भावजयींनीं आईबाप मुलाला शाळेंत ठेवून निघतात तेथपासून जो पदर डोळ्यांस लावला तो शेवटपर्यंत काढला नाहीं. तीर्थरूप दादांना मात्र हें रडणें रुचलें नाहीं. ते म्हणाले, "माझे वडील पुण्यास वार लावून जेवले आणि शिकले. त्यांच्यासाठीं कोणी गाणीं म्हटलीं नाहींत. घराबाहेर राहिल्यानें मूल मरत नाहीं, घडतें." काकूंनीं तीस वर्षें शाळेंत शिकविलेलें, त्यांचा आक्षेप निराळा. "माझ्या वर्गांत साठ मुलें असत. एका ईशानाकडे इतकें लक्ष देणाऱ्या निकुंभांना बाकीचीं मुलें नव्हतीं काय? आणि इतर सारे मास्तर राक्षस, हें कोठलें?" आमची भाची मानसशास्त्राची विद्यार्थिनी. ती म्हणाली, "आजी, चित्रपटानें अतिशयोक्ति केली असेल, पण हा शब्द घरोघर नेला तो त्यानेंच." तिनें हेंही सांगितलें कीं या दोषाचा बुद्धीशीं संबंध नाहीं, तो औषधानें जात नाहीं, परंतु लवकर ओळखून योग्य पद्धतीनें शिकविल्यास मूल वाचूं लागतें; आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांतही अध्ययन-अक्षमतेस स्थान मिळालें आहे.

आमचे धाकटे बंधु मात्र एक शब्दही बोलले नाहींत. त्याचें कारण घरांत सर्वांस ठाऊक होतें. त्यांचा मुलगा चौथींत आहे; 'कमल' लिहिलें असतां 'कलम' वाचतो, आणि वहीवर तांबड्या रेघा घेऊन येतो. त्याच्यासाठीं एका वसतिगृहाच्या शाळेचा अर्ज बंधूंनीं आणून कपाटांत ठेवला होता.

इतक्यांत तो मुलगाच भात कालवतां कालवतां म्हणाला, "काका, त्याला पहिलें बक्षीस मिळालें नसतें तर?"

कोणास उत्तर सुचेना.

आम्हांस वाटतें, चित्रपटावरील सर्वांत नेमका आक्षेप तोच होता. अक्षरांशीं झगडणारें प्रत्येक मूल चित्रकार नसतें. कित्येकांपाशीं तसा एकही दिपविणारा गुण नसतो. मग त्यांनीं आईबापांचें प्रेम कोणत्या स्पर्धेंत जिंकावयाचें? आम्ही रडलों तें मुलाच्या दुःखानें कीं त्याच्या विजयानें, हा हिशेब आपला आपण करावा.

तथापि याच चित्रपटांत एक प्रसंग असा आहे कीं ज्याला बक्षिसाची गरज पडत नाहीं. निकुंभ वडिलांना सॉलोमन बेटांतील लोकांची गोष्ट सांगतात. ते म्हणे झाड तोडीत नाहींत. भोंवतीं जमून त्याला शिव्याशाप देतात, आणि झाड आपोआप वाळतें. झाडांविषयीं तें खरें असो वा नसो, मुलांविषयीं तें खरें आहे याची साक्ष आपल्यापैकीं पुष्कळांस देतां येईल.

दादांचें म्हणणेंही आम्ही टाकाऊ मानीत नाहीं. वसतिगृहांत पुष्कळ मुलें फुलतात. पण वार लावून जेवणाऱ्या मुलास आपण विद्येसाठीं आलों हें ठाऊक होतें. ईशानाला आपण शिक्षा भोगावयास आलों असें वाटत होतें. शाळा तीच असली तरी या दोन पाठवणींत महदंतर आहे. काकूंचेंही खरें कीं साठ मुलांच्या वर्गांत एकट्या मास्तरावर भार टाकून चालणार नाहीं. म्हणूनच तो भार प्रथम घरानें उचलावयाचा.

आमच्या घरीं चमत्कार झाला नाहीं. अर्ज फाडला नाहीं, भरलाही नाहीं. बंधूंनीं भाचीस विचारून मुलाची रीतसर तपासणी करून घेण्याचें ठरविलें आहे. आणि परवां संध्याकाळीं दादा नातवाला जवळ घेऊन, वर्तमानपत्रावरचीं मोठीं अक्षरें बोटानें दाखवीत, सावकाश वाचून घेतांना आढळले. नातवानें 'कलम' म्हटलें. दादा रागावले नाहींत. "पुन्हां बघ," एवढेंच म्हणाले.