पाठ असल्याशिवाय विडंबन नाही

तिरुपती वेंकट कवुलु या जोडकवींच्या ‘पांडवोद्योग विजयालु’ या पद्यनाटकातला एक प्रसंग हैदराबादेत मुरलेल्या मराठी माणसालाही ओळखीचा असतो. कृष्ण झोपेचं सोंग घेऊन पहुडलेला, उशाशी दुर्योधन, पायाशी अर्जुन. डोळे उघडल्यावर कृष्ण दुर्योधनाला कधी आलात म्हणून विचारतो आणि एकेका आप्ताचं नाव घेत क्षेमकुशल पुसत जातो. या पद्याची तेलुगूत अमाप विडंबनं झाली आहेत. ती वाह्यात वाटतात, पण त्यांची घडण पाहावी. मूळ पद्य शार्दूलविक्रीडितात आहे, म्हणजे आपल्या मंगलाष्टकांच्या वृत्तात. चरणाला १९ अक्षरं. शिवाय तेलुगू छंदाचा दंडक असा की पहिल्या अक्षराशी तेराव्याचा मेळ जमला पाहिजे आणि चारही चरणांत दुसरं व्यंजन तेच राहिलं पाहिजे. भीष्म-द्रोणांच्या जागी घरमालक आणि किराणावाला आणायचे, तर त्यांनाही या शिस्तीत बसवावं लागतं. मूळ पद्य जिभेवर घोळल्याशिवाय हे साधत नाही. जलसूत्रम रुक्मिणीनाथ शास्त्री (१९१४–१९६८) हे लेखक तर ‘पॅरडी शास्त्री’ म्हणूनच ओळखले गेले.

म्हणून माझं म्हणणं असं की नाटकातल्या गाजलेल्या ओळींची थट्टा हा त्या नाटकाचा अपमान नाही. ते नाटक लोकांच्या तोंडी जिवंत असल्याचा तो पुरावा आहे. हा पुरावा खुद्द अभिजात नाटकातच आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त, जे देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलं, राजाचा मेहुणा शकार वसंतसेनेचा पाठलाग करताना रामायण-महाभारताचा काला करतो. त्याची द्रौपदी रामाला भिऊन पळते, त्याचा हनुमान सुभद्रेला उचलून नेतो. दोन्ही महाकाव्यं प्रेक्षकांना अवगत आहेत, या भरवशावरच शूद्रक ही गंमत करतो.

यावर पहिला आक्षेप गांभीर्याचा. ‘नटसम्राट’ नाटकात गणपतराव बेलवलकर घरासाठी टाहो फोडतात. त्या ठिकाणी कुणी पार्किंगची जागा मागितली की पुढच्या प्रयोगाला प्रेक्षक नेमका तिथे हसेल, अशी भीती घातली जाते. पण हाच बावळट शकार आठव्या अंकात वसंतसेनेचा गळा आवळतो, आणि आधी त्याला हसलेला प्रेक्षक तेव्हा अधिकच हादरतो. ‘एकच प्याला’त सिंधूची शोकांतिका लिहिणाऱ्या गडकऱ्यांनीच त्याच नाटकात तळीरामाचं आर्यमदिरामंडळ उभं केलं आणि सभा-संमेलनांच्या भारदस्त भाषेची रेवडी उडवली. म्हणून सिंधूचं दुःख हलकं झालं नाही. गडकऱ्यांना गुरू मानणाऱ्या अत्र्यांनी पुढे १९२५ साली ‘झेंडूची फुले’ हा विडंबन-कवितांचा संग्रह काढला. वृत्तांवर अशी हुकूमत कवितेवर जीव असल्याशिवाय येत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक खरा वाटतो: नव्या पिढीला विडंबन तेवढं ठाऊक आणि मूळ ठाऊकच नाही. हे घडतं, नाकारण्यात अर्थ नाही. मात्र दोष विडंबनाचा नाही, मूळ नाटकाचे प्रयोग थांबल्याचा आहे. मूळ विसरलं गेलं की विडंबनही फार दिवस टिकत नाही, कारण हशा येतो तो मुळाशी पडलेल्या अंतरातून. नुसता एक शब्द बदलून मोबाइलवर फिरवलेली ओळ दोन दिवसांत शिळी होते, ती यामुळेच. तिच्यात ना वृत्त सांभाळलेलं असतं, ना मूळ पात्राचा आवाज.

आमच्या हैदराबादेत दखनी मिजाहिया, म्हणजे विनोदी, शायरीला भरभरून दाद मिळते आणि तेलुगू रसिक आपल्या कृष्णाची मनसोक्त थट्टा करून त्याच्या पद्यांना पुन्हा वन्समोअरही देतात. आपण मराठी मंडळी मात्र नाट्यपदांना सोवळ्यात ठेवतो; मुलांनी त्यांची मोडतोड केली की डोळे वटारतो. येत्या ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, हैदराबादेतल्या मंडळांनी एक कार्यक्रम जरूर ठेवावा: मुलांनी आधी मूळ प्रवेश किंवा पद जसंच्या तसं सादर करायचं आणि लगेच त्याच चालीत, त्याच मात्रांत आपलं विडंबन. मोठ्यांनी दोन्हींना टाळ्या द्याव्यात.