आकडे एक, अर्थ दोन

जालन्याच्या महिको कंपनीच्या कीडरोधक बीटी वांग्यावरील चाचण्यांचे आकडे, माहितीच्या अधिकाराखाली मागणी झाल्यानंतर, २००८ साली जनतेपुढे आले. चाचणीतील जनावरांत दिसलेले फरक केंद्राच्या तज्ज्ञ समितीने २००९ मध्ये निर्धोक ठरविले. फ्रेंच शास्त्रज्ञ सेरालिनी यांनी त्याच फरकांत धोक्याची खूण वाचली. अखेर ९ फेब्रुवारी २०१० रोजी पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी लागवडीस स्थगिती दिली.

शास्त्रज्ञांत मतभेद व्हावा, यात शास्त्राची नामुष्की नाही. परंतु कोणता फरक योगायोगाचा व कोणता बियाण्याचा, हे कोणत्या कसोटीवर ठरले, ते भोकरदनच्या शेतकऱ्यास कोणी समजावून सांगितले? नुसता निकाल ऐकविणे म्हणजे विश्वासाची सक्ती होय. आकड्यांबरोबर त्यांची कसोटीही सुबोध मराठीत मांडणे हे संशोधकांचे कर्तव्यच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.