जुन्या लॅपटॉपला नवी डिस्क



घरातला जुना लॅपटॉप सुरू होईस्तोवर चहा उकळून होतो, म्हणून तो लगेच मोडीत काढू नका. बैल थकला आहे की नुसती पत्री झिजली आहे, हे आपण आधी पाहतोच ना?

बहुधा दोष हार्ड डिस्कचा असतो. तिच्यातली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते. ७२०० फेऱ्यांची डिस्क मिळते, पण फरक थोडाच पडतो. त्यापेक्षा एसएसडी घ्यावी. तिच्यात फिरणारा भागच नाही, म्हणून माहिती झटकन सापडते आणि हादऱ्याची भीतीही कमी.

घेताना जोडणी ‘साटा’ आहे का ते पाहा. फार जुन्या लॅपटॉपात पिनांची जोडणी असते. तिथे ही चालत नाही. माप अडीच इंची, जाडी ७ मिलिमीटर. जागा साडेनऊची असेल तर बारीक चौकट लावून बसवतात. हिशेब, फोटो आणि मुलांच्या अभ्यासाला २५६ जीबी पुरे.

मात्र डिस्क बदलण्याआधी सगळी माहिती दुसरीकडे उतरवून घ्या. मी आळस केला आणि घरच्या कांद्याचा दोन हंगामांचा हिशेब गमावला. डिस्क पुन्हा विकत मिळते, हिशेब मिळत नाही.