सहज प्रेक्षकाचा निवाडा

मराठी समीक्षेत 'सामान्य प्रेक्षक' हा शब्दप्रयोग बहुधा वाद संपविण्यासाठी केला जातो. एखादा रहस्यपट, मारधाडपट किंवा विनोदी चित्रपट लोकांना आवडला, एवढी नोंद करून समीक्षक पुढे सरकतो. तो का आवडला आणि ज्यांना आवडला नाही त्यांनी कोणती कारणे दिली, हे विचारण्याचे प्रयोजन त्याला वाटत नाही. अशी मते म्हणजे निव्वळ प्रतिक्रिया होत, समीक्षेशी त्यांचा संबंध नाही, हा समज इतका रूढ झाला आहे की तो सिद्ध करण्याची गरजही कोणाला भासत नाही. वस्तुतः तो समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत समीक्षेलाच मोजावी लागत आहे.

सुटीच्या दिवशी चित्रपट पाहणारा, चित्रपटाविषयी फारसे न वाचणारा सहज प्रेक्षक प्रत्यक्षात काय बोलतो ते आधी पाहिले पाहिजे. फसलेल्या रहस्यपटाविषयी तो म्हणतो, "शेवटी कुठून तरी नवाच माणूस आणून उभा केला." मारधाडपटाविषयी त्याची तक्रार असते, "कोण कोणाला मारतंय तेच कळत नव्हतं." विनोदी चित्रपटाविषयी तो म्हणतो, "ओढूनताणून हसवत होते." ही तीन विधाने तीन वेगवेगळ्या निकषांवर उभी आहेत. पहिल्याचा संबंध कथानकाच्या कार्यकारणभावाशी आहे, दुसऱ्याचा दृश्यगत अवकाशाच्या रचनेशी, तर तिसऱ्याचा प्रसंग आणि हास्य यांच्यातील नात्याशी. रहस्यपटाकडून जे मागायचे ते हा प्रेक्षक मारधाडपटाकडून मागत नाही. म्हणजेच कलाप्रकाराची जाणीव, जी पदव्युत्तर वर्गात परिश्रमपूर्वक शिकवावी लागते, ती त्याच्या निवाड्यात आधीपासूनच कार्यरत असते.

यातले पहिले विधान नवे नाही. कथानकाची उकल कथानकातूनच झाली पाहिजे, ती यंत्राच्या साह्याने रंगमंचावर उतरणाऱ्या देवतेवर सोपवू नये, असे ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'च्या पंधराव्या प्रकरणात सांगितले आहे. गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवून ठेवू नये, हा नियम रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी घालून दिला. सहज प्रेक्षकाने यांपैकी काहीही वाचलेले नसते, तरी त्याचा आक्षेप तोच असतो. एकच आक्षेप ग्रंथातून आला तर सिद्धांत आणि चित्रपटगृहाच्या पायरीवर उच्चारला गेला तर शेरा, हा भेद आशयावर आधारलेला नाही. तो बोलणाऱ्याच्या दर्जावर आधारलेला आहे.

'दृश्यम' हे या संदर्भातील अत्यंत बोलके उदाहरण आहे. जीतू जोसेफ यांचा मूळ मल्याळम चित्रपट २०१३ चा. निशिकांत कामत यांनी २०१५ मध्ये केलेल्या हिंदी आवृत्तीत कथा गोव्यात घडते. गुन्हा कोणी केला हे प्रेक्षकाला आरंभीच कळते. उरते ते मृतदेहाचे स्थान, आणि शेवटी उलगडणारी ती जागा त्याला आधीच दिसलेली असते. "सगळं डोळ्यांसमोर होतं, तरी लक्षात आलं नाही," ही या चित्रपटाला मिळणारी दाद रहस्यपटाच्या प्रामाणिकपणाची नेमकी व्याख्या आहे. शिवाय या कथेचा नायक स्वतःच एक सहज प्रेक्षक आहे. चौथीत नापास झालेला हा केबलचालक रात्र रात्र चित्रपट पाहतो आणि पाहिलेली गोष्ट माणसाच्या स्मृतीत कशी रुजते हे त्यातूनच शिकतो. नंतर केलेला प्रवास आधीच्या दिवशी घडला होता, असे तो साक्षीदारांच्या मनावर ठसवतो. त्याला अडाणी समजणारी पोलीस यंत्रणा त्याच्या ज्ञानाचा उगमच ओळखू शकत नाही. चित्रपट पाहण्यातून रचनेचे ज्ञान होते, हे 'दृश्यम'च्या कथानकाचे गृहीतक आहे. समीक्षकांच्या मनात मात्र ते अद्याप रुजलेले नाही.

मारधाडपटांविषयी तर समीक्षा जवळजवळ मौनच पाळते. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) पाहून आलेला प्रेक्षक म्हणतो, "एवढ्या वेगातही सगळं नीट दिसत होतं." हे वाक्य भाबडे वाटते, परंतु त्यामागे दिग्दर्शक जॉर्ज मिलर, छायालेखक जॉन सील आणि संकलक मार्गारेट सिक्सेल यांचा एक निश्चित तांत्रिक निर्णय आहे. महत्त्वाची क्रिया चौकटीच्या मध्यभागी ठेवल्यामुळे, तुकडे कितीही वेगाने बदलले तरी डोळ्याला ती शोधत फिरावे लागत नाही. प्रेक्षकाला निर्णय ठाऊक नसतो; त्याचा परिणाम मात्र त्याने अचूक टिपलेला असतो. समीक्षकाचे काम येथून सुरू व्हायला हवे: परिणामाकडून कारणाकडे जाण्याचे. तो मात्र 'हिंसेचे उदात्तीकरण' असा शिक्का मारून मोकळा होतो आणि ज्या हिंसेविषयी तो बोलतो तिची रचना त्याने पाहिलेलीच नसते.

विनोदाच्या बाबतीत सहज प्रेक्षकाजवळ आणखी एक निकष असतो: पुनःप्रत्ययाचा. सचिन पिळगांवकर दिग्दर्शित 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) असंख्य मराठी घरांत पुन्हा पुन्हा पाहिला गेला आहे, आणि नव्या विनोदी चित्रपटाविषयी "बनवाबनवीची सर नाही" असा निवाडा आजही ऐकू येतो. यात स्मरणरंजन आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ते सर्वस्व नव्हे. भाड्याच्या जागेसाठी केलेले एक सोंग टिकविण्याकरिता दुसरे आणि दुसऱ्याकरिता तिसरे घ्यावे लागते. हसू या वाढत्या अडचणीतून उत्पन्न होते. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही ते ओसरत नाही, कारण त्याचा आधार आश्चर्य नसून अपरिहार्यता हा आहे. "ओढूनताणून हसवतात" या तक्रारीचा अर्थ हाच, की तेथे प्रसंगाने हसू निर्माण केलेले नाही.

या निवाड्यांना समीक्षेबाहेर ठेवणाऱ्यांना परंपरेचा आधार घेता येत नाही. 'नाट्यशास्त्रा'च्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार आहे आणि प्रेक्षकाचे स्मित, हास्य, उद्गार यांना तेथे सिद्धीची गमके मानले आहे. मतभेद झाल्यास निवाडा देणाऱ्या प्राश्निकांमध्ये व्याकरणज्ञ आणि छंदोज्ञ आहेत, तसे धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार आणि गणिकाही आहेत. ज्याला जे कळते त्याविषयी त्याचे मत ग्राह्य, असे हे तत्त्व आहे. हास्य हे स्त्रिया, बालके व अशिक्षित यांना प्रिय, असेही तोच अध्याय सांगतो. मराठी समीक्षेने ही श्रेणीव्यवस्था तेवढी जपली आणि प्राश्निकांची व्यापक सभा विसर्जित केली.

सौंदर्यशास्त्राचा आधारही त्यांना लाभत नाही. 'मला हे रुचते' आणि 'हे सुंदर आहे' या विधानांत कांटने १७९० मध्ये भेद केला. दुसऱ्या विधानात इतरांच्या संमतीची मागणी अनुस्यूत असते. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे (१९७४) हा विचार मराठी अभ्यासकांना चांगला परिचित आहे. सहज प्रेक्षक "मला कंटाळा आला" एवढेच म्हणून थांबत नाही. "शेवट पटत नाही" असे तो म्हणतो आणि सोबतच्यांशी त्यावर वाद घालतो. वाद घालणे म्हणजेच संमती मागणे. कांटच्या अर्थाने ही मते सुंदराविषयीची शुद्ध विधाने ठरणार नाहीत, पण केवळ रुचीची विधाने तर ती निश्चितच नव्हेत.

अधिक गंभीर आक्षेप अडोर्नो आणि होर्कहायमर यांच्या 'डायलेक्टिक ऑफ एन्लाइटनमेंट' (१९४७) या ग्रंथातून येतो: संस्कृतिउद्योग प्रेक्षकाची अभिरुचीच घडवितो, तेव्हा तिच्या साक्षीला किंमत ती काय? या आक्षेपात तथ्य आहे. परंतु साचेबंदपणाची तक्रार प्रथम कोण करतो? "हे आधी शंभरदा पाहिलंय" हे वाक्य त्याच प्रेक्षकाचे आहे. ज्याची अभिरुची पूर्णतः घडविली गेली आहे त्याला साचा साचा म्हणून दिसणार नाही.

सहज प्रेक्षकाचा निवाडा अंतिम नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तो स्वतःच्या हसण्याकडे वळून पाहत नाही. तोतरेपणावर किंवा शरीराच्या ठेवणीवर बेतलेला विनोद त्याला खटकेलच असे नाही, आणि कायदा हाती घेणाऱ्या नायकाला तो अवकाशाच्या स्पष्टतेबरोबर नैतिक संमतीही देऊन टाकतो. येथे समीक्षकाची खरी गरज आहे. मात्र ज्या मताची दखलच घेतली नाही त्याची चिकित्सा करण्याचा अधिकार समीक्षकाला मिळत नाही. उपदेश तेवढा उरतो, आणि तो ऐकायला कोणी थांबत नाही.

समीक्षेने सोडून दिलेली ही जागा रिकामी राहिलेली नाही. आज सहज प्रेक्षकाचे मत गोळा केले जाते ते ताऱ्यांच्या आणि टक्क्यांच्या रूपाने; चित्रपटाची चर्चा होते ती किती कोटींची कमाई झाली या भाषेत. आकड्याला कारण नसते. "शेवटी नवाच माणूस आणला" आणि "मारामारी कळली नाही" ही दोन भिन्न मते पाचापैकी दोन तारे झाली की एकरूप होतात आणि त्यांतील विचार नाहीसा होतो. समीक्षकाने मताला तुच्छ लेखले, बाजाराने त्याची बेरीज केली. त्यामागचे कारण दोघांनीही विचारले नाही. वाङ्मयाच्या विभागांत शिकणारा विद्यार्थीही शनिवारी रहस्यपट पाहतो, त्याच्या उकलीवर मित्रांशी तावातावाने भांडतो आणि सोमवारी निबंध लिहिताना ते भांडण बाहेर ठेवतो. त्या निबंधात उसन्या संज्ञा असतात. शनिवारी त्याने स्वतः दिलेली कारणे नसतात. ती कारणे वर्गात मागितली जाणे, त्यांची छाननी होणे आणि त्यांपैकी टिकतील ती सिद्धांताच्या भाषेत मांडली जाणे, एवढे तरी मराठी समीक्षेला करता आले पाहिजे.