पंपाआधी कंडेन्सरचं विचारा

व्हॅक्यूम पंप दुरुस्त करणं हा माझा धंदा. अलीकडे माझ्याकडे आंबा, फणस, स्ट्रॉबेरी फ्रीझ ड्राय करणाऱ्या छोट्या उद्योगांचे पंप येऊ लागलेत. पंप उघडला की बहुतेक वेळा तेच दिसतं: पांढरं पडलेलं तेल, खाचेत अडकलेल्या व्हेन, सिलिंडरला गंज. मालक विचारतात, "भाऊ, यापेक्षा मोठा पंप घेऊ का?" मी उलट विचारतो, कंडेन्सर किती थंड होतो? बहुतेकांना ते कोणी सांगितलेलंच नसतं.

फळातलं पाणी पंप ओढून बाहेर टाकतो, हा समज मोडायला हवा. अर्ध्या मिलीबार दाबाला एक ग्रॅम बर्फाची वाफ दोन हजार लिटरहून जास्त जागा घेते. दहा किलो आंब्याच्या फोडींत आठेक किलो पाणी असतं. तासाला दहा हजार लिटर ओढणाऱ्या पंपाने एकट्याने ती वाफ काढायची म्हटली, तर अडीच महिने लागतील. हे काम कंडेन्सरचं. वाफ त्याच्यावर बर्फ होऊन बसते आणि पंपाकडे फक्त हवा उरते. कंडेन्सर उणे 50 अंशांना असेल, तर त्यावरच्या बर्फाचा वाफदाब 0.04 मिलीबारच्या आसपास राहतो. तोच उणे 30 ला अडकला की दाब नऊ-दहा पट होतो, आणि मग पंप जितका दमदार, तितकं जास्त पाणी स्वतःच्या तेलात ओढून घेतो.

म्हणून पैसे आधी कंडेन्सरवर घाला. तो किती किलो बर्फ धरतो आणि भरल्यावरही किती थंड राहतो, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. पंप मध्यम चालेल, पण दोन स्टेजचा आणि दिवसरात्र चालण्यासाठी बनवलेला हवा. एसीवाल्यांचा पंप स्वस्त मिळतो. तो गॅस भरण्याआधी तासाभर चालवण्यासाठी असतो, दीड दिवसाच्या बॅचसाठी नाही.

त्यावर गॅस बॅलास्ट हवाच. जर्मनीच्या वोल्फगांग गेडे यांनी 1935 साली ही युक्ती काढली: दाबल्या जाणाऱ्या वाफेत थोडी बाहेरची हवा सोडायची, म्हणजे वाफ तेलात पाणी न होता एक्झॉस्टमधून निघून जाते. बॅच लावण्याआधी इनलेट बंद ठेवून, बॅलास्ट उघडून पंप अर्धा तास गरम होऊ द्या. बॅच संपल्यावरही तसंच. माल काढला की लगेच स्विच बंद करण्याच्या घाईने जितके पंप खाल्लेत, तितके कशानेच नाही. कंडेन्सरचा बर्फ वितळवताना पंपाचा व्हॉल्व्ह घट्ट बंद हवा. आणि आपल्याकडे लाइट जाते, तेव्हा उलटं तेल चढू न देणारा व्हॉल्व्ह नसेल, तर ते चेंबरच्या दिशेने, फळाकडे जातं. मग ती बॅच फेकावीच लागते.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान आहे. चांगली गोष्ट आहे. पण माझ्यासमोर आलेल्या प्रकल्प अहवालांत मशीनची किंमत असते. तेल, फिल्टर, सीलसाठी ओळ नसते. कर्जाचा हप्ता पहिल्या दिवसापासून मोजणाऱ्या बँकांनी ही ओळ मागितली पाहिजे, आणि कंडेन्सरचं तापमान कोटेशनवर छापलेलं नसेल, तर ते कोटेशन परत पाठवलं पाहिजे.