नाव ज्याचं, उच्चार त्याचा

सहावीत मी या शाळेत दाखल झालो. पहिल्याच संध्याकाळी हजेरीच्या वेळी उस्तादांनी हाक मारली, "कॅडेट केल!" कोणी उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांदा हाक आली, तरी शांतता. मग ते रांगेतून चालत माझ्यासमोर आले, छातीवरची नेमप्लेट वाचली आणि म्हणाले, "सुनाई नहीं देता?" तेव्हा मला कळलं की केल म्हणजे मीच. माझं आडनाव काळे.

चूक उस्तादांची नव्हती. त्यांच्या हातातली यादी इंग्रजीत होती आणि इंग्रजीत 'ळ' नाही. 'ण' आणि 'न' वेगळे नाहीत, 'ट' आणि 'त' वेगळे नाहीत. त्यामुळे साठे कधी 'साथे' होतात, मोरे 'मोअर' होतात, माने 'मेन' होतात आणि दाते तर थेट 'डेट' होतात. आम्ही मराठी मुलं यावर खूप हसतो. पण हसणं संपलं की प्रश्न उरतोच. ज्या नावाने माणसाला हाक मारायची, ते नाव नीट घ्यायची जबाबदारी कोणाची?

उत्तर देण्याआधी एक गोष्ट कबूल करतो. शाळेत आलो तेव्हा मला स्वतःलाच 'काळे' म्हणता येत नव्हतं. आमचं घर वाराणसीत, दुर्गाघाटाजवळ. त्या भागात मराठी कुटुंबं कित्येक पिढ्यांपासून राहतात. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचे होते आणि राणी लक्ष्मीबाईंचा, म्हणजे माहेरच्या तांब्यांच्या मनूचा, जन्मही याच शहरातला. पण घराचा उंबरठा ओलांडला की सगळं हिंदी, आणि तिथल्या हिंदीत 'ळ' नाही. म्हणून मीही स्वतःला 'काले' म्हणायचो. इथे मराठी मुलं मला मुद्दाम 'केळं' आणि 'बाळ' म्हणायला लावायची, आणि 'केला', 'बाल' ऐकून पोट धरून हसायची. एकीकडे केल, दुसरीकडे काले. माझं खरं नाव मलाच येत नव्हतं, याची फार लाज वाटायची.

त्या दिवाळीच्या सुट्टीत आजोबांनी मला घाटाच्या पायरीवर बसवून 'ळ' शिकवला. "जिभेचं टोक वर, मागे वळव, आणि पुढे सोड." चार दिवसांत जमला. मग रोज संध्याकाळी आम्ही घाटाघाटाने चालत जायचो. वाटेत नागपूरच्या भोसल्यांचा घाट लागतो, त्याला नावाडी 'भोंसले' म्हणतात. पुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा घाट, तो 'सिंधिया'. अगदी टोकाला अस्सी घाट. हिंदीत अस्सी म्हणजे ऐंशी, म्हणून लहानपणी मला वाटायचं की तो ऐंशीवा घाट. खरं तर ते नाव असि नदीवरून आलेलं आहे.

मी आजोबांना विचारलं, "शिंद्यांचं सिंधिया झालं, ते चूक नाही का?"

आजोबा म्हणाले, "अरे, त्या घराण्यातली माणसं आज स्वतःच सिंधिया म्हणतात. नाव त्यांचं आहे. चूक ठरवणारे आपण कोण?"

"मग आपल्याला सगळे काले म्हणतात, ते?"

"मला काशीत सगळे कालेजी म्हणतात आणि मी ओ देतो. पण ते माझं मी ठरवलंय. तुझं तू ठरव. आणि ठरवलंस की तोंड उघडून सांग, मनात कुढत बसू नकोस."

माझं मत या उत्तरातूनच तयार झालं. नाव ज्याचं, उच्चार त्याचा. तो कसा करायचा हे व्याकरण ठरवत नाही आणि यादीही ठरवत नाही.

काही जण म्हणतील, फौजेत एवढे लाड चालत नाहीत. मला उलट वाटतं. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचंच पाहा. बॉम्बे सॅपर्सच्या या अधिकाऱ्याने एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीर चक्र मिळवलं. २०२३ साली अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं गेलं. आमच्या प्रश्नमंजूषेत एका कॅडेटने त्यांचं नाव इंग्रजी अक्षरांवरून 'रेन' असं वाचलं, आणि कोणी दुरुस्त केलं नाही. मीसुद्धा नाही. ज्याच्या शौर्याचा आपण अभिमान बाळगतो, त्याचं नावच आपण विचारून घेतलेलं नसेल, तर तो अभिमान अर्धाच.

आणि आता माझी स्वतःची चूक. माझ्या शेजारच्या खाटेवरचा कॅडेट केरळचा आहे. एकदा मी त्याच्यापाशी 'केल'बद्दल तक्रार करत होतो. तो शांतपणे म्हणाला, "दोन वर्षं झाली, तू माझ्या गावाला कोझिकोडे म्हणतोस." इंग्रजीत 'झेड' आणि 'एच' लिहितात म्हणून मी 'झ' म्हणत होतो. त्यांच्या मल्याळममधला तो आवाज 'झ'चा नाहीच, आपल्या 'ळ'च्या शेजारचा आहे. ज्या अक्षरासाठी मी रडलो होतो, त्याच्या भावंडाला मी रोज चिरडत होतो, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली : नवीन तुकडी येईल तेव्हा पहिल्या हजेरीला यादी वाचू नये. प्रत्येक कॅडेटने पुढे येऊन आपलं नाव आणि गाव मोठ्याने सांगावं, आणि यादीत इंग्रजीशेजारी ते देवनागरीत लिहून घ्यावं. अर्धा तास लागेल. दुसरी सूचना आपल्यासाठी, कॅडेट मित्रांनो. नाव चुकलं तर एकदा अदबीने सांगा. समोरच्याला कळावं अशी अपेक्षा ठेवून गप्प बसू नका. मी तीन वर्षं गप्प बसलो, तो दोष माझाच.

गेल्या महिन्यात हजेरीनंतर मी उस्तादांकडे गेलो आणि म्हणालो, "श्रीमान, काळे." त्यांनी तीन-चार वेळा म्हणून पाहिलं. 'ळ' त्यांना अजून पूर्ण जमत नाही, 'काड़े' होतं. पण त्या हाकेला मी पूर्वीपेक्षा मोठ्याने "हाजिर, श्रीमान" म्हणतो. कारण ते नाव त्यांनी यादीतून घेतलेलं नाही, मला विचारून घेतलेलं आहे.