एका मिनिटाचे दुःख

एका सोमवारी सकाळी ओपीडीत चव्वेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आले. बँकेत नोकरी, घर हडपसरलाच. आदल्या दिवशी हाफ मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटर धावले होते. रात्रीपासून लघवी कोऱ्या चहासारखी होत होती. रक्त तपासले तर क्रिएटिनीन २.८, निरोगी माणसात ते एकच्या आसपास असते. खोदून विचारल्यावर कळले, गुडघा दुखत होता म्हणून शर्यतीआधी एक आणि वाटेत दुसरी वेदनाशामक गोळी घेतली होती. पाण्यासाठी कुठे थांबले नव्हते, कारण थांबले की वेळ जातो. "दोन तासांच्या आत संपवायची होती, सर. दोन तास एक मिनिट लागलं." मूत्रपिंडाचे काय झाले, हे त्यांनी नंतर विचारले. आधी दुःख त्या एका मिनिटाचे.

घडले ते असे. शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवण्यासाठी शरीर काही रसायने तयार करते. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या नेमकी तीच रसायने अडवतात. त्यात स्नायूंवर अतिताण आला की त्यांतले प्रथिन रक्तात उतरते आणि तेही मूत्रपिंडालाच गाळावे लागते. सलाइन आणि विश्रांतीवर हे गृहस्थ बरे झाले. सगळ्यांचे इतक्यावर भागत नाही.

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली, तेव्हा शर्यत धावणारा माणूस म्हणजे खेळाडू असे समीकरण होते. आता पहाटे पाच वाजता मगरपट्ट्याच्या रस्त्यांवर पाहा, चाळिशी-पन्नाशीची मंडळी धावताना दिसतील. डॉक्टर म्हणून मला याचा मनापासून आनंद आहे. मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना "चाला, धावा" म्हणून माझा घसा बसला आहे. खटकते ते एवढेच, की पळणे संपताच सगळ्यांचे डोळे आधी मनगटाकडे जातात.

आकड्याचा हा मोह जगभर आहे. अमेरिकेतल्या काही अर्थशास्त्रज्ञांनी मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्यांच्या जवळपास ९८ लाख वेळा तपासल्या. तीन तास, चार तास अशा गोल आकड्यांच्या जरा अलीकडे धावकांची गर्दी होती, जरा पलीकडे ती एकदम कमी. हृदयाला, गुडघ्याला चार तासांची ही रेघ ठाऊक नसते. पण ती गाठायला माणूस शेवटच्या टप्प्यात जीव तोडून पळतो, आणि शर्यतीत हृदय बंद पडण्याच्या घटना याच टप्प्यात जास्त घडतात. घाबरू नका, अशा घटना फार विरळ आहेत. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात लांब पल्ल्याच्या शर्यतींत धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख जणांमध्ये त्या ५९ होत्या. धावणे सुरक्षितच आहे. छातीत जडपणा असताना किंवा अंगात ताप असताना "इतके महिने सराव केलाय" म्हणून धावणे सुरक्षित नाही. विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते, आणि ती बाहेरून दिसत नाही.

वेग वाढला की फायदाही त्याच पटीत वाढतो, हा समजही खरा नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ५५ हजार प्रौढांच्या पाहणीत रोज पाच-दहा मिनिटे आणि ताशी दहा किलोमीटरपेक्षा कमी वेगाने धावणाऱ्यांमध्येही हृदयविकाराने होणारे मृत्यू न धावणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले. जोरात पळणाऱ्यांना त्याहून फार मोठा लाभ दिसला नाही. नामवंत धावपटूही सरावाचा बराचसा भाग सावकाशच धावतात.

घड्याळ सगळ्यांनीच काढावे असे मी म्हणणार नाही. पोलीस भरतीत सोळाशे मीटरला सेकंदांवर गुण मिळतात. रामटेकडीच्या बाजूला सराव करणाऱ्या पोरांची नोकरी त्यावर ठरते. तुमची-माझी कोणती भरती अडली आहे? आपल्याला श्वासाचे माप पुरे. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल तर वेग ठीक. शब्द तुटू लागले तर कमी करा, चालायला लागलात तरी चालेल. चाळिशी उलटली असेल, मधुमेह, रक्तदाब असेल किंवा घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल, तर शर्यतीचे पैसे भरण्याआधी तपासणी करून घ्या.

मी स्वतः कालव्याकडेने धावतो. खरे तर दुडूदुडू जातो. काठीवाले आजोबा कधीकधी मला मागे टाकतात आणि वर हात करून हसतात. आषाढी वारीत दोन्ही पालख्या हडपसरला येतात. इथून माउलींची दिवे घाटाकडे वळते, तुकोबांची लोणी काळभोरकडे. दिवसाला वीस-वीस किलोमीटर चालणाऱ्या त्या गर्दीत "किती वेळात आलात?" असे एकमेकांना विचारणारे मी अजून ऐकलेले नाही. विचारतात ते "जेवलात का?" किंवा "पाय कसे आहेत?" ओपीडीत मीही दुसराच प्रश्न विचारतो.

ते बँकेतले गृहस्थ सहा आठवड्यांनी पुन्हा आले. क्रिएटिनीन १ वर आले होते. धावायला परवानगी दिली, अट दोनच : गोळी नाही आणि महिनाभर घड्याळ नाही. गोळीची अट त्यांनी लगेच मान्य केली. दुसरीवर जरा थांबून म्हणाले, "मग सर, ग्रुपवर काय टाकू?"